पांढऱ्या साडीचे चाळीस रंग

जन्मभर काय काम केलं असं कुणी विचारलं की मी सांगतो, मेलेल्या बायकांना साड्या नेसवल्या. समोरचा माणूस जरा मागे सरकतो. मग त्याला चहा पाजून बाकीचं सांगावं लागतं. या अंकाच्या संपादकांनाही मी तसंच सांगितलं, आणि ते म्हणाले की हेच लिहून द्या, फक्त खरं लिहा. खरं लिहायचं तर त्यात माझा चांगुलपणा फारसा सापडणार नाही. एका बाईच्या कामावर मी तीन वर्षं जळत होतो, त्याचीच ही हकिगत आहे.

शिरूरच्या पेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात मी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली लग्नं, साखरपुडे, शाळांचे ग्रुप फोटो काढत हिंडलो. पुढे कॉम्प्युटर आला. मोटरसायकलवर कॅमेरा लटकवून उन्हातान्हात फिरण्यापेक्षा खुर्चीत बसून काम करणं बरं, म्हणून मी मिक्सिंगकडे वळलो. एका फोटोतलं डोकं दुसऱ्या फोटोतल्या अंगावर बसवायचं, याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणत.

गिऱ्हाईक दोन प्रकारचं असे. एक, कारेगावला खोली करून राहणारी कंपनीतली पोरं. बिहार-यूपीची पोरं यायची आणि म्हणायची, भैया, कोट पहना दो. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, फोटोत काळा कोट आणि लाल टाय. तो फोटो गावाकडे मुलीच्या बापाला जायचा. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांची आई नुकतीच गेलेली असायची. बाई साठ-सत्तर वर्षं जगली, पण धड फोटो एक नाही. मतदान ओळखपत्रावरचा बोटभर चेहरा काय तो शिल्लक. मुलगा ते कार्ड घेऊन यायचा आणि म्हणायचा, चांगली हिरवी साडी नेसवा, दहाव्याला पाहिजे.

आता प्रत्येकीसाठी वेगळी साडी कुठून आणणार? म्हणून साडी एकच ठेवायची आणि रंग बदलायचे. हे वाटतं तितकं सोपं नाही. हिरव्या रंगाचा डबा घेऊन साडीवर ओतला तर ती साडी राहत नाही, हिरवा पत्रा होतो. साडी साडी दिसते ती रंगामुळे नाही, घड्यांमुळे. घडीच्या आत सावली असते आणि घडीच्या धारेवर उजेडाची चमक असते. तेव्हा करायचं असं, की साडीभोवतीचं सगळं कापून टाकायचं, मग साडीचा मूळ रंग काढून घ्यायचा, आणि मागे राहू द्यायच्या फक्त सावल्या आणि चमक. मधलं कापड आरपार. मग त्याच्याखाली हिरवा सरकवा, जांभळा सरकवा, अबोली सरकवा. काचेवर काढलेल्या चित्रामागे कागद बदलावा तसं.

आणि हे सगळं पांढऱ्या साडीवर उत्तम होतं. माझे वडील मेंढरं राखायचे. पांढऱ्या लोकरीला कुठलाही रंग चढतो आणि काळी लोकर काळीच राहते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. कापडाच्या फोटोचंही तसंच आहे. गडद साडीत सावल्या रंगात बुडून गेलेल्या असतात, त्या वर निघत नाहीत.

पण कोरी पांढरी साडी नेसून फोटोला उभी राहणार कोण? मी बायकोची फिकट बिस्किटी रंगाची साडी घेतली आणि ओळखीच्या कापडदुकानातून प्लास्टरचा पुतळा उसना आणून त्याला नेसवली. तीच माझी साडी. चार-पाच वर्षं ती मी दोन्ही तालुक्यांतल्या गेलेल्या बायकांना नेसवली. कडा इतक्या स्वच्छ कापलेल्या की ब्लेडने कापल्यासारख्या वाटाव्यात. माझ्यासारखं कटिंग शिरूरमध्ये कुणाचं नव्हतं आणि हे मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

एकदा निमोण्याचे एक मामा आले. आईचा फोटो नेऊन त्यांना महिना झाला होता. तो फ्रेमसकट त्यांनी टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “आमच्या आईच्या खांद्यावर जी चुणी हाय, तीच शेजारच्या पाटलाच्या आईच्या खांद्यावर हाय. आन् खाली गुरवाच्या घरात बी तीच हाय. तिघी जावाजावा व्हत्या काय?” मी त्यांची समजूत घालून चुणी थोडी हलवून दिली. ते गेल्यावर खूप हसलो. तेव्हा हसू येत होतं, कारण रिबेकाबाईंचं काम मी अजून पाहिलं नव्हतं.

ते पाहिलं एका गिऱ्हाइकाच्या हातात. दौंडकडचा माणूस होता. त्याने एक फोटो पुढे केला आणि म्हणाला, आमच्या चुलतीचा असा केलाय, आईचा असाच करून द्या. मी तो उजेडाकडे धरून बघितला. निळी साडी. चेहरा कार्डावरचाच, माझ्यासारखाच ओढूनताणून मोठा केलेला. पण साडी जिवंत होती. पदर खांद्यावरून खाली येताना त्याचं वजन दिसत होतं. निऱ्यांच्या आत सावली होती, पण त्या सावलीतसुद्धा निळं उतरलं होतं. खांद्याजवळ हाताच्या तळव्याएवढा एक अंधुक डाग होता, तोसुद्धा कापडाचाच वाटावा असा. माझी साडी त्याच्या शेजारी ठेवली तर दारावर टांगलेल्या पडद्यासारखी दिसली असती.

“कुणी केला?” मी विचारलं.

“केडगावात स्टेशनाजवळ एक बाई हायती. रिबेकाबाई. शिवणकाम करायच्या पहिल्या, आता कॉम्प्युटरवर बसत्यात.”

शिवणकाम करणारी बाई. हे ऐकून तर मी अधिकच जळलो. मी पंधरा वर्षं फोटो धुतलेला माणूस, आणि ही काल-परवा शिलाई मशीनवरून उठून आलेली.

त्यानंतरची तीन वर्षं माझी फार वाईट गेली. धंदा चालू होता, तब्येत ठीक होती, पण मन थाऱ्यावर नव्हतं. कुणाच्याही घरी गेलो की आधी भिंतीकडे बघायचो. तिचं काम लांबून ओळखू यायचं. मग जेवण गोड लागायचं नाही. तिची साडी मी भिंगाखाली पाहिली. तिच्याकडे नवीन सॉफ्टवेअर असणार म्हणून मी नवीन घेतलं. तिचा स्क्रीन भारी असणार म्हणून स्क्रीन बदलला. माझी साडी पडद्याची ती पडद्याचीच राहिली. शेवटी डोक्यात उजेड पडला की हिची मूळ साडी बिस्किटी नाही, कोरी पांढरी आहे, आणि आत पुतळा नाही, बाई आहे.

मग मी एक चूक केली. बायकोला म्हणालो की मी पांढरी साडी आणतो, पाच मिनिटं नेसून उभी राहा, कुणाला सांगायचं नाही.

सुमन भाकरी थापत होती. तिने हात थांबवले.

“तुमी जित्तं असताना मी पांढरं नेसू?” ती म्हणाली. “त्या केडगावच्या बाईपायी तुमाला काय बी सुचाया लागलंय.”

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आईने तर घरात मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी खजील झालो, पण जळणं काही थांबलं नाही. उलट, त्या बाईला पांढरी साडी नेसणारी मिळाली कुठे, हा एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. केडगावच्या मिशनकडची कितीतरी ख्रिस्ती लग्नं मी स्वतः काढली होती. तिथल्या नवऱ्या पांढऱ्या साडीत असतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते सुचलं नाही. मत्सराने माणूस किती आंधळा होतो, याचा दाखला म्हणून मी आता ते सांगतो.

अशातच दौंडच्या मोतीशेठांनी कॅटलॉग काढायचं ठरवलं. कापडाचे मोठे व्यापारी. त्यांची माणसं गावोगाव साड्या घेऊन जायची. सगळे रंग बरोबर नेण्यापेक्षा एक पुस्तक न्यावं, त्यात एकच साडी चाळीस रंगांत दाखवावी, अशी त्यांची कल्पना होती. त्या काळात आमच्या भागात असं कुणी केलं नव्हतं. हे काम ज्याला मिळेल तो दोन तालुक्यांतला पहिल्या नंबरचा माणूस. मी नमुना घेऊन गेलो, तर टेबलावर रिबेकाबाईंचा नमुना आधीच होता आणि शेठ त्यावर बेहद्द खूश होते. त्यांनीच सहज सांगितलं की बाईंना या कामावर दौंडमध्ये स्वतःचं दुकान टाकायचंय, गाळासुद्धा बघून ठेवलाय.

मी त्यांच्या टेबलावरचा नमुना हातात घेतला. तीन वर्षांत तो फोटो मला पाठ झाला होता. मी म्हणालो, “शेठ, काम छान आहे. पण खांद्यावरचा हा डाग बघा. इथे सावली पडावी अशी घडीच नाही. एका साडीवर चालून जाईल, पण चाळीस साड्यांवर एकाच जागी डाग दिसला तर गिऱ्हाईक म्हणेल, माल डागी आहे.”

खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. म्हणून तर ती काडी बरोबर लागली. कापडाच्या व्यापाऱ्यापुढे डाग हा शब्द काढला की पुढे काही बोलावं लागत नाही. शेठांनी तिथल्या तिथे केडगावला फोन लावला. बाईंचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण शेठांचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून ते म्हणाले, “ती म्हणते डाग पुसला तर पदर मरतो. पुसून देणार नाही म्हणते. मला डागी माल नको.” मग त्यांनी खणातून एक सीडी काढून माझ्यापुढे ठेवली. बाईंनी दिलेली मूळ फाईल तीत होती. ते म्हणाले की हिच्यातला डाग तेवढा काढा आणि चाळीस रंग तुम्हीच करा.

शिरूरला येईपर्यंत एसटीत मी मनातल्या मनात नाचत होतो. काम मिळालं होतं, वर तिची साडीही मिळाली होती.

फाईल उघडली. एकावर एक थर होते. खाली रंग, त्यावर सावल्यांचा थर, त्यावर चमकीचा. मी दोन्ही एकाच थरात ठेवायचो, तिने वेगळे केले होते. सगळ्यात तळाशी मूळ फोटो होता, त्यातली साडी सोडून बाकीचं झाकलेलं. बाईंनी मागचं काही खोडलं नव्हतं, नुसतं झाकून ठेवलं होतं. झाकण काढायला एक बटण पुरतं. मी ते दाबलं.

केडगावच्या चर्चची पायरी. पांढऱ्या साडीतली नवरी, हातात फुलं, चेहरा जरासा खाली. बाईंना मी कधी भेटलो नव्हतो, पण स्वतःच्याच लग्नातली साडी वापरली असणार, म्हणजे ही रिबेकाबाईच. शेजारी नवरा. कललेलं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येत होतं आणि कॅमेरा धरलेल्या त्याच्या हाताचं कोपर नवरीच्या खांद्यावर सावली पाडून गेलं होतं. नवशिक्या फोटोग्राफरची चूक. ही चूक मी ओळखली, कारण ती मीच केली होती. तो फोटो मी काढला होता. ते लग्न माझ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं. अल्बम देताना या फोटोबद्दल मी नवऱ्या मुलाच्या वडिलांची माफीही मागितली होती. ते म्हणाले होते, राहू द्या, पोरगी चांगली आलीय.

तीन वर्षं मी स्वतःच्याच फोटोवर जळत होतो. आणि स्वतःच्याच कोपराची सावली दाखवून मी त्या बाईचं काम काढून घेतलं होतं.

वाचणाऱ्याला वाटेल की मी उठलो आणि दौंडची गाडी पकडली. तसं झालं नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मग साडी माझीच आहे. फोटो माझा, म्हणजे ती जिवंत दिसते त्याचं श्रेयही माझं. मी माळ्यावरचे डबे काढले, दोन दिवस शोधून ती निगेटिव्ह हुडकली, पुण्याला जाऊन स्कॅन करून आणली. आता माझ्या फोटोवरून, माझ्या हाताने, मी साडी करणार होतो.

आठ दिवस बसलो. कडा कापल्या, नेहमीसारख्या सुरेख. रंग काढला, सावल्या ठेवल्या, खाली निळा सरकवला. पडदा. पुन्हा केली. पडदा. तिच्यासारखे दोन थर केले, सावली वेगळी, चमक वेगळी. जरा बरी दिसली, पण बाईच्या अंगावरची नव्हे. मग तिच्या फाईलमधला डाग पुसून पाहिला, तर ती म्हणाली होती तसाच सगळा पदर मेला. त्या सावलीमुळे बाकीच्या पदरावर ऊन आहे हे कळत होतं. सावली गेली, ऊनही गेलं.

निगेटिव्ह तीच, साडी तीच, डाग तोच. दोष द्यायला आता काही शिल्लक राहिलं नव्हतं.

नवव्या दिवशी केडगावला गेलो. स्टेशनाजवळ एका खोलीत त्या बसायच्या. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर कापड झाकलेलं, आणि खिडकीशी माझ्या जुन्या स्क्रीनपेक्षाही जुना स्क्रीन. मी नाव सांगितलं. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी दिलं. डागाबद्दल शेठांना कोण बोललं हे त्यांना माहीत होतं. मी सीडी पुढे ठेवली आणि म्हणालो की हा फोटो मी काढलाय.

“म्हायती हाय,” त्या म्हणाल्या. “पाठीमागं तुमचा शिक्का हाय.”

“मग शेठना का नाही सांगितलं, की चूक मूळ फोटोतली आहे, माझी आहे?”

“चूक हाय असं मला वाटतच न्हाई तर काय सांगू?”

मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. त्याच फोटोवरून माझी साडी का मरते?

मी बरोबर नेलेली माझी फाईल त्यांनी उघडायला लावली. बराच वेळ बघत राहिल्या. मग कमरेजवळच्या एका चुणीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही तुमी काळी केली. ही आत जात न्हाई, भाऊ. ही वर येती. हिच्या खाली पिन हाय. त्या दिवशी निऱ्या मी माझ्या हातानं घातल्या व्हत्या, आईला ताप व्हता म्हणून. कंची घडी कुणाच्या खाली जाती त्ये मला ठावं हाय. तुमी नुसतं काळं-पांढरं बघता.”

मग त्यांनी एकेक चुणी सांगितली. ही ढिली, ही ताणलेली, इथे नेसताना घाई झाली, इथे फुलांचा हात टेकला म्हणून कापड दबलंय. आठ दिवस मी ज्या ठिपक्यांशी झुंजत होतो, ती त्यांच्या दृष्टीने साधी नेसलेली साडी होती. फोटो माझा होता, पण त्यात काय आहे हे मला आजवर दिसलंच नव्हतं. ऐकताना माझा जळफळाट कमी व्हायला हवा होता. तो वाढला. इतके दिवस मी तिच्या नशिबावर, तिच्या सॉफ्टवेअरवर, तिला मिळालेल्या साडीवर जळत होतो. आता तिच्या डोळ्यांवर जळायला लागलो, आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

गाळ्याचं काय झालं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, सोडला. महिनाअखेरपर्यंत सांगायचं होतं, काम गेलं म्हणून नाही म्हणून सांगितलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला उगीच वाटत राहिलं की असायला हवा होता.

तिथून परत शिरूरला न येता मी पुढे दौंडला गेलो. मोतीशेठ गादीवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं की तो डाग माझ्या कोपराचा आहे, फोटो माझा आहे, आणि तुमच्यापुढे मी जे बोललो ते साडीपायी नाही, जळून बोललो. डाग पुसता येत नाही. पुसला तर हे असं होतं. आणि छापून बरोबर घेतलेली पुसलेली साडी त्यांच्यापुढे ठेवली. शेजारी न पुसलेली.

शेठांना फोटोतलं कळत नव्हतं, पण कापड कळत होतं. त्यांनी दोन्हींवरून हात फिरवला, जणू कागदावरचं सूत लागणार होतं हाताला. मग न पुसलेली उचलून म्हणाले, “ही नेसलेली आहे. ती टांगलेली.” आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “मग तुम्ही काय करणार आता?”

मी म्हणालो, कडा कापतो. कडा मात्र माझ्यासारख्या त्यांना जमत नाहीत. हे खरं होतं. तीन वर्षं भिंगातून बघून मला त्यांच्यात सापडलेली ती एकच उणीव होती.

कॅटलॉग झाला. चाळीस रंग रिबेकाबाईंनी केले. पदरांचे, काठांचे वेगवेगळे नमुने साडीवर बसवायचे होते, त्यांचं कटिंग माझ्याकडे आलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात त्यांचं नाव छापलं, माझं नाही, आणि तसंच ठरलं होतं. तो गाळा मात्र गेला तो गेलाच. तिथे कुणीतरी मोबाईलचं दुकान टाकलं. रिबेकाबाई पुढे केडगावातच बसल्या. ते माझ्या एका वाक्याने झालं, आणि ते भरून देता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं.

कामाच्या पहिल्या आठवड्यात मी बारा पदर कापून त्यांच्याकडे नेले होते. त्यांनी एकेक स्क्रीनवर मोठा करून पाहिला. अकरा ठीक म्हणून बाजूला ठेवले. बाराव्यावर थांबल्या. मी पुढे वाकून पाहिलं. धार सरळ होती, स्वच्छ होती, शिरूर-दौंडमध्ये कुणी काढून दाखवावी अशी होती.

“कापड इतकं सरळ कवा असतं का, भाऊ?” त्या म्हणाल्या. “ह्यो पुन्हा करा.”

खोलीत त्यांच्याकडे शिकणाऱ्या दोन मुली होत्या, त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. उठून जावं असं मनात येऊन गेलं. मग मी स्टूल ओढून घेतलं आणि ती धार पुन्हा कापायला बसलो. जळत होतोच, पण या वेळी जरा वाकडी कापली.